अन्यसंनिधी : ‘केसरी’ व ‘काळ’ यांच्या गद्यातील मन वळविण्याची साधने

मन वळविण्याच्या कलेचा विचार मराठीत बहुधा अलंकारांच्या यादीपासून सुरू होतो आणि त्या यादीपाशीच थांबतो. दृष्टान्त, अर्थान्तरन्यास, व्याजस्तुती, अतिशयोक्ती ही नावे व त्यांची लक्षणे विद्यार्थ्याला पाठ असतात. परंतु एखादा अग्रलेख वाचून वाचकाचे मत का पालटले, हे सांगण्याची वेळ आली म्हणजे ती यादी मुकी होते. याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. संस्कृत अलंकारशास्त्र काव्याच्या आश्रयाने वाढले. ग्रीकांचे वक्तृत्वशास्त्र न्यायसभेच्या आणि नगरसभेच्या गजबजाटात जन्मले. अथेन्समध्ये फिर्यादीला आणि आरोपीला आपली बाजू स्वतःच मांडावी लागे, आणि निवाडा करणारे पंच शेकड्यांनी मोजावे लागत. अशा ठिकाणी शब्दाचे मोल त्याच्या सौंदर्यावरून नव्हे, तर मोजल्या जाणाऱ्या मतांवरून ठरते. ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात या व्यवहाराचे शास्त्र रचले, तेव्हा वक्त्याचे शील, श्रोत्याची मनोवृत्ती आणि प्रत्यक्ष युक्तिवाद हे त्याचे तीन आधार मानले. भाषेच्या सजावटीचा विचार त्याने पुढे, तिसऱ्या खंडात केला.

एवढ्यावरून आपल्या परंपरेत या विषयासंबंधी काहीच नाही असा निष्कर्ष काढण्याची प्रथा पडली आहे. ती टिकण्याजोगी नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगताना ‘कान्तासंमित उपदेश’ हे एक प्रयोजन दिले आहे. प्रभूची आज्ञा पाळावी लागते, मित्राचा सल्ला ऐकून सोडूनही देता येतो. पण प्रियेचे म्हणणे स्वतःचीच इच्छा वाटून अंमलात येते, असा त्यातील भेद टीकाकार विशद करतात. मन वळविण्याच्या क्रियेचे याहून नेमके वर्णन दुसरीकडे सहसा सापडणार नाही. दुसऱ्याने घालून दिलेला विचार ऐकणाऱ्याला आपलाच वाटला पाहिजे. तसे झाले नाही तर ती आज्ञा तरी होते किंवा सल्ला तरी.

याहूनही उपयुक्त सामग्री ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात आहे. वाच्यार्थापलीकडचा अर्थ कशाकशाच्या बळावर सूचित होतो, याची गणना मम्मट तेथे करतो. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वराचा ढंग म्हणजे काकू कोणता, वाक्य कसे, वाच्यार्थ काय, जवळ तिसरे कोणी आहे काय, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, वेळ कोणती, अशा गोष्टी त्यात येतात. यांपैकी ‘अन्यसंनिधी’, म्हणजे तिसऱ्याचे जवळ असणे, हा घटक येथे विशेष महत्त्वाचा आहे. त्याचे परंपरागत उदाहरण शृंगारातील आहे. एक गृहिणी शेजारणीपाशी गाऱ्हाणे करते की, निर्दय सासू दिवसभर कामाला जुंपते, क्षणभर विसावा मिळालाच तर तो सायंकाळी. शेजारणीला हे नुसते गाऱ्हाणे. पण जवळच उभ्या असलेल्या प्रियकराला त्यातून भेटीची वेळ कळते. शब्द एकच, ऐकणारे दोन, अर्थही दोन.

परकीय सत्तेखाली चालणाऱ्या देशी भाषेतील वृत्तपत्राची भाषिक परिस्थिती नेमकी हीच होती. संपादक वाचकांशी बोलत असे आणि सरकारचा भाषांतरकार जवळ उभा असे. किंवा उलट, संपादक सरकारला उद्देशून बोलत असे आणि ऐकावयाचे असे ते वाचकाने. मुंबई इलाख्यात वर्तमानपत्रांतील मजकुराची इंग्रजी टिपणे तयार करून सरकारपुढे ठेवण्याची व्यवस्था होती, आणि प्रत्येक संपादकाला ती ठाऊक होती. १८७० साली भारतीय दंडसंहितेत १२४ अ हे राजद्रोहाचे कलम घातले गेल्यापासून या तिसऱ्या श्रोत्याच्या हाती शस्त्रही आले. मराठी राजकीय गद्यातील बहुतेक प्रभावी साधने या परिस्थितीने घडविली आहेत. ‘केसरी’ आणि ‘काळ’ यांवरील खटल्यांत ती साधने न्यायालयात उलगडून पाहिली गेली, म्हणून त्यांच्या अभ्यासास ते खटले फार सोयीचे आहेत.

प्रथम जुलै १८९७ मधील ‘केसरी’च्या दोन अग्रलेखांचे मथळे घ्यावे. पुण्यातील प्लेगनिवारणाच्या कामावरचा अधिकारी रँड याच्यावर २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत गोळी झाडली गेली. त्याच्याबरोबरचा आयर्स्ट जागीच ठार झाला व रँड ३ जुलैला मरण पावला. त्यानंतर पुणे शहरावर जो सरकारी रोष झाला, त्यासंबंधीच्या लेखांना मथळे होते ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. हे दोन्ही मथळे शतकाहून अधिक काळ मराठी माणसाच्या तोंडी राहिले आहेत. पण त्यांची रचना सहसा कोणी तपासत नाही.

पहिल्या मथळ्यात काकूचे काम आहे. वाक्याच्या शेवटी ‘काय’ आहे म्हणून तो प्रश्न. परंतु उत्तर मागणारा प्रश्न नव्हे. सरकारचे डोके ठिकाणावर नाही, असे विधान केले असते तर ती शिवी झाली असती, आणि शिवी देणाऱ्यावर तिची जबाबदारी असते. प्रश्न केल्यामुळे ‘नाही’ हा शब्द लेखकाने उच्चारला नाही. तो वाचकाने मनात उच्चारला. एकदा वाचकाने तो उच्चारला की तो त्याचाच झाला. मात्र या मथळ्याचे सारे बळ प्रश्नात आहे असे मानणे चुकीचे होईल. अर्धे बळ ‘डोके ठिकाणावर असणे’ या वाक्प्रचारात आहे. हा वाक्प्रचार दरबारातला नाही, न्यायासनापुढचाही नाही; तो माजघरातला आहे. वडीलधाऱ्याने पोराला, मोठ्या भावाने धाकट्याला, सासऱ्याने जावयाच्या माघारी म्हणावा असा. त्यामुळे साम्राज्याची सत्ता एका क्षणात सिंहासनावरून उतरून घरातल्या बेताल माणसाच्या जागी येऊन बसते, आणि वाचक आपोआप त्या घरातला वडील माणूस होतो. सत्तेविषयीची भीती घालविण्याचे काम युक्तिवादाने होण्याजोगे नव्हते. ते या घरगुती शब्दाने झाले.

दुसरा मथळा दिसावयास निराळा आहे. त्यात प्रश्न नाही, उपरोध नाही. शाळेतल्या व्याख्येसारखे ते एक सामान्य विधान आहे. राज्य करणे आणि सूड घेणे या भिन्न गोष्टी होत, हे कोण नाकारील? खुद्द गव्हर्नरानेही त्यावर मान डोलवावी. पण हे विधान मधला अवयव गाळलेल्या अनुमानाचा केवळ एक भाग आहे. सूड घेणे म्हणजे राज्य करणे नव्हे. सरकार सध्या सूड घेत आहे. म्हणून सरकार सध्या राज्य करीत नाही. यांपैकी मधली पायरी व निष्कर्ष ही दोन्ही लिहिलेली नाहीत. या प्रकारच्या लुप्तावयव अनुमानाला ॲरिस्टॉटल मन वळविण्याच्या कलेचा गाभाच म्हणतो. त्याचे उदाहरण साधे आहे. अमुक मल्ल ऑलिंपियाच्या स्पर्धेत जिंकला एवढे सांगितले म्हणजे पुरे. तेथे बक्षीस म्हणून माळ मिळते हे सांगावे लागत नाही, कारण ते सर्वांना माहीत असते. जे श्रोत्याला माहीत आहे ते वक्त्याने गाळावे, म्हणजे श्रोता ते स्वतः पुरवितो व अनुमानाचा भागीदार होतो.

येथेच या साधनाचा धोकाही दिसतो. गाळलेली पायरी तपासली जात नाही. सरकार सूड घेत आहे काय, हा खरा वादाचा मुद्दा होता. पण मथळ्याच्या रचनेत तो वादाचा विषय न राहता गृहीत झाला. पुण्यातील वाचकाला घरझडतीचा व सोजिरांच्या वागणुकीचा अनुभव ताजा होता, म्हणून त्याला पुराव्याची गरज वाटली नाही. आणि त्या वेळी त्याचे वाटणे गैरही नव्हते. तथापि हेच साधन ‘केसरी’ने सहा वर्षांपूर्वी, १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाच्या वादातही वापरले होते. धर्मात सरकारने हात घालू नये, या सर्वमान्य वाटणाऱ्या तत्त्वाच्या आड ‘हा प्रश्न धर्माचाच आहे’ ही मधली पायरी तेथे झाकली गेली. साधन तेच, एकदा त्याने अन्यायाचा प्रतिकार केला, एकदा एका न्याय्य सुधारणेची वाट अडविली. शैलीचे कौतुक करताना अभ्यासकाने ही दुसरी बाजू नजरेआड करणे बरे नव्हे.

आश्चर्य असे की, सप्टेंबर १८९७ मधील खटला उभा राहिला तो या गाजलेल्या मथळ्यांच्या लेखांवर नव्हे. त्याचा आधार होता रँडवरील हल्ल्याच्या एक आठवडा आधीचा, १५ जूनचा अंक. त्या अंकात शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त होता आणि ‘शिवाजीचे उद्गार’ हे पद्य होते. पद्याखाली लेखकाचे नाव नव्हते; भवानी तलवारीची निशाणी म्हणून सही होती. शिवाजी महाराज जागे होतात, आपण मिळविलेल्या राज्याची अवस्था पाहतात आणि शोक करतात, अशी त्याची कल्पना आहे.

मृताच्या तोंडी शब्द घालणे हे वक्तृत्वातील अतिप्राचीन साधन आहे. रोममध्ये इ. स. पू. ५६ साली सिसेरोने कीलियसच्या बचावाच्या भाषणात क्लोडिया या स्त्रीची निर्भर्त्सना करण्यासाठी तिचाच पूर्वज, आंधळा ॲपियस क्लॉडियस, जणू न्यायसभेत बोलावून आणला. यात दुहेरी लाभ असतो. वक्त्याला जे बोलणे शोभले नसते ते मृत पुरुषाला शोभते, आणि मृत पुरुषाची उलटतपासणी कोणाला करता येत नाही. शिवाजीच्या बाबतीत तिसराही लाभ होता. महाराष्ट्रात शिवाजी बोलतो तेव्हा त्याच्या शब्दांमागे त्याची कृती उभी असते. पद्यात नुसता शोक असला तरी वाचकाच्या मनात शोकानंतर काय होते याची आठवण तयार असते. त्याच अंकातील वृत्तान्तात अफझलखानाच्या वधाची नैतिक चर्चा होती. महापुरुषाच्या कृत्याला दंडसंहितेचे माप न लावता गीतेच्या भूमिकेवरून त्याचा विचार करावा, असे प्रतिपादन त्या उत्सवातील टिळकांच्या भाषणात आढळते. पद्य एका पानावर, चर्चा दुसऱ्या पानावर. दोन्हींना जोडणारे एकही वाक्य अंकात नसले तरी वाचकाने ती जोडली नसतील असे म्हणवत नाही; सरकारी वकिलाने तर ती जोडलीच.

न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला केलेल्या निवेदनात ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे व तिच्यावर पुष्कळ टीका झाली. साहित्याच्या अभ्यासकाला त्या निवेदनाचा दुसरा भाग अधिक बोधप्रद वाटेल. लेख कोणत्या वेळी आला, कोणत्या प्रकारच्या पत्रात आला, तो वाचणारे लोक कोण, त्यांच्या मनाची त्या वेळची स्थिती कशी होती, आणि समग्र लेखाचा त्यांच्यावर काय परिणाम होणे स्वाभाविक होते, या गोष्टींकडे ज्यूरीचे लक्ष वेधण्यात आले. इतिहासाची विद्वानांमधील चर्चा आणि सामान्य जनांच्या पत्रातील लेख यांत भेद केला गेला. वक्ता, बोद्धव्य, प्रस्ताव, देश, काल : मम्मटाची यादीच जणू इंग्रज न्यायाधीशाने वेगळ्या भाषेत वाचून दाखविली. व्यंग्यार्थ अस्तित्वात असतो की नाही, असा आक्षेप नैयायिकांनी आणि मीमांसकांनी शतकानुशतके घेतला. मुंबईच्या उच्च न्यायालयात मात्र तो असतोच असे धरून एका माणसाला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ज्यूरीतील सहा युरोपीयांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष म्हटले. बोद्धव्य बदलला म्हणजे अर्थ बदलतो, या सिद्धान्ताचे याहून स्पष्ट प्रत्यंतर शास्त्रग्रंथांत मिळणार नाही.

१८९८ साली १२४ अ कलमाची शब्दरचना अधिक विस्तृत करण्यात आली. (२०२४ साली भारतीय न्याय संहिता अंमलात आल्यावर ते कलम त्या नावाने व त्या क्रमांकाने उरलेले नाही.) दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा खटला झाला, तेव्हा साधने बदलली होती. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे टाकलेल्या बाँबने दोन इंग्रज स्त्रियांचा बळी घेतला. त्यावरील ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) हे अग्रलेख आरोपाचा विषय झाले. येथे मृत बोलत नाहीत आणि प्रश्नही केलेला नाही. मथळ्यांचा सूर शोकाचा आणि हिशेबी शहाणपणाचा आहे. ‘टिकाऊ’ हा शब्द तर बाजारातला. कापडाला, भांड्याला, चामड्याच्या वहाणेला लावावयाचा. दडपशाही अन्याय्य आहे असे न म्हणता ती टिकाऊ नाही असे म्हणणे म्हणजे सरकारच्या नीतीवर बोट न ठेवता त्याच्या व्यवहारबुद्धीवर ठेवणे होय. अशा टीकेला राजद्रोह म्हणणे कठीण जावे, ही त्यातील सोय.

या लेखांचे मुख्य साधन अभ्युपगमाचे आहे. प्रतिपक्षाचे जेवढे मान्य करता येईल तेवढे आधीच मान्य करून टाकावयाचे व मग त्याच मान्यतेच्या पायावर आपले म्हणणे उभारावयाचे. बाँब फेकणे निंद्य, हे मान्य. परंतु बाँब हे कार्य आहे आणि कार्याला कारण असते. ते कारण सरकारच्या धोरणात आहे. म्हणून कार्य नको असेल तर धोरण पालटावे. सरकार पक्षाचे म्हणणे असे पडले की, पहिली पायरी हा केवळ पडदा आहे. बचावाचे म्हणणे असे की, पहिली पायरी खरी आहे, आणि बाकीचे प्रतिपादन अँग्लो-इंडियन पत्रांनी दडपशाहीची जी मागणी चालविली होती तिला उत्तर म्हणून आले आहे. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले आणि त्यात त्यांनी इतर पत्रांतील उतारे एकामागून एक वाचून दाखविले. त्यांना दाखवावयाचे होते ते हे की, लेखाचा खरा बोद्धव्य वादातील प्रतिपक्ष आहे. तुटक लेख वाचला तर तो चिथावणीसारखा दिसेल. पूर्वपक्षासह वाचला तर उत्तरपक्ष ठरेल.

त्या भाषणातील सर्वांत मोलाचा भाग भाषांतरासंबंधीचा आहे. ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी गृहस्थ होते. त्यांच्यापुढे आले ते मूळ मराठी लेख नव्हेत, तर सरकारी भाषांतरे. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी केली आणि मूळ शब्दापेक्षा इंग्रजी शब्द कोठे कोठे अधिक जहाल पडला आहे, हे तपशीलवार दाखविले. यातला शास्त्रीय मुद्दा अलंकारशास्त्राला जुना आहे. काही शब्द पर्याय घातला तरी आपले काम करतात, काही करीत नाहीत. ज्यांना पर्याय चालत नाही त्यांना ‘परिवृत्त्यसह’ म्हणतात. शब्दाश्रित व्यंजना पर्यायाने नष्ट होते, अर्थाश्रित व्यंजना टिकते. ‘टिकाऊ’ किंवा ‘डोके ठिकाणावर’ यांचे इंग्रजीत रूपान्तर केले की माजघर आणि बाजार दोन्ही नाहीसे होतात आणि उरतो तो नुसता आरोप. भाषांतराने येथे काही नवीन मिसळले असे नव्हे. सौम्य करणारे जे होते तेवढे गळाले. सातांविरुद्ध दोन मतांनी निर्णय झाला आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या बाजूचे एक वकील होते.

त्याच जुलै महिन्यात ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना एकोणीस महिन्यांची सक्तमजुरी झाली. परांजप्यांचे साधन उपरोधाचे. १८९८ साली ‘काळ’ निघाला तेव्हापासून त्यांनी व्याजस्तुतीला जी धार दिली, तशी मराठी गद्यात तिला पूर्वी नव्हती आणि नंतरही क्वचितच आली. त्यांच्या लेखांतील वाक्ये न उद्धृत करता हे साधन एखाद्या कल्पित उदाहरणाने समजावून घेता येईल. समजा, दुष्काळाच्या वर्षी एखादा संपादक लिहितो की, यंदा सरकारने रयतेच्या प्रकृतीची फार काळजी वाहिली, कारण साऱ्या जिल्ह्यात अजीर्णाचा एकही रोगी सापडला नाही. वाक्यातील प्रत्येक शब्द स्तुतीचा आहे. ते निंदेचे आहे असे ज्याला म्हणावयाचे, त्याला आधी हे कबूल करावे लागते की रयत उपाशी आहे. खटला चालविणाऱ्या वकिलापुढचा पेच असा विलक्षण असतो. संपादकाने केलेली सरकारची स्तुती खोटी आहे, असे सरकारनेच सिद्ध करावयाचे!

उपरोधाच्या या बळातच त्याची मर्यादाही आहे. व्याजस्तुतीचा व्याज कळण्यासाठी वस्तुस्थिती वाचकाला आधीच ठाऊक असावी लागते. म्हणून ती ज्याला पटलेले आहे त्यालाच पुन्हा पटविते. विरुद्ध मताच्या माणसाचे मन तिने वळत नाही; फार तर तो चिडतो. शिवाय तिचे आयुष्य अल्प असते. ‘काळा’तील निवडक निबंधांचे खंड १९१० मध्ये जप्त झाले, आणि बंदी उठून ते पुन्हा वाचकांच्या हाती येईपर्यंत ज्या घटनांवर त्यांतील वाक्ये बेतली होती त्या विस्मृतीत गेल्या होत्या. आजचा विद्यार्थी ते निबंध वाचतो तेव्हा त्याला शब्दवैभव जाणवते, टोचणी जाणवत नाही. काही वेळा तर तो स्तुतीला स्तुतीच समजतो.

येथवर पाहिलेली सारी साधने तिसऱ्या श्रोत्यापासून काही तरी राखून ठेवणारी आहेत. पण अन्यसंनिधीचा उपयोग उलटही करता येतो, आणि त्याचे उदाहरण या सर्वांच्या आधीचे आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपाने. धोंडीबा हा वाचकाचा प्रतिनिधी आहे. वाचकाच्या मनात जी शंका यावी ती तो मोठ्याने विचारतो. ‘केसरी’ने जी पायरी गाळली असती ती येथे प्रश्नोत्तराने बोलून दाखविली जाते. ज्या वाचकाला आजवर कोणी प्रश्नच विचारू दिला नव्हता, त्याला लुप्तावयव अनुमान देऊन भागणार नव्हते. त्याच्या हाती आधी प्रश्न द्यावयास हवा होता. आणि तिसरा श्रोता? तो येथे टाळावयाचा नाही, त्याला हाक मारावयाची आहे. मराठी ग्रंथाला इंग्रजी प्रस्तावना जोडलेली आहे ती याचसाठी. शेजारी उभ्या असलेल्या सत्तेने ऐकावे, शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची आपली जबाबदारी ओळखावी, अशी त्या लेखनाची उघड अपेक्षा आहे. एकाच राज्यकर्त्याचे एकाच भाषेच्या दोन लेखकांच्या शेजारी उभे असणे इतक्या भिन्न प्रकारचे असू शकते. त्यामुळे ‘मराठी निबंधाची शैली’ म्हणून जिचे एकच वर्णन केले जाते ती मुळात एक नाही.

आगरकरांची गोष्ट आणखी निराळी. ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’ या त्यांच्या लेखाचे नावच पाहावे. दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी, निश्चयार्थी. काकू नाही, व्याज नाही. ‘सुधारक’ ज्या वर्षी निघाला त्याच १८८८ साली त्यांचे ‘वाक्यमीमांसा’ हे वाक्यांच्या पृथक्करणावरील पुस्तक बाहेर आले. जो लेखक वाक्याचे अवयव सुटे करून दाखविण्यात रमतो, तो अनुमानाचे अवयव झाकण्यास सहसा तयार होत नाही. त्यांच्या प्रतिपक्षात सरकार क्वचितच असे; त्यांचा बोद्धव्य आणि त्यांचा प्रतिपक्ष एकच, म्हणजे स्वतःचा समाज. जो समोर बसला आहे त्याच्यापासून काही लपवून त्याचेच मन वळविणे शक्य नव्हते. याची किंमतही त्यांनी दिली. सर्व पायऱ्या उघड मांडल्या की वाचकाला प्रत्येक पायरीवर नकार देण्याची संधी मिळते.

१९०८ च्या शिक्षेनंतर टिळकांना मंडालेस नेण्यात आले. तेथे १९१०–११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ मध्ये छापून निघाले. त्याच्या आरंभीच ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, या प्रश्नाला हात घातला आहे, आणि त्यासाठी मीमांसकांनी सांगितलेली सहा लिंगे पुढे केली आहेत : उपक्रम व उपसंहार, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ज्याच्या लेखांचे तात्पर्य दोनदा न्यायालयात ठरविले गेले आणि दोन्ही वेळा त्याच्याविरुद्ध ठरले, त्याने तात्पर्यनिर्णयाच्या नियमांपासून आरंभ करावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध जोडण्यास पुरावा लागेल.

पुरावा नसला तरी दोन पद्धतींतील भेद नोंदविता येतो. मीमांसेची सहा लिंगे सर्वस्वी ग्रंथातच सापडतात. आरंभ कसा झाला, शेवट कसा झाला, कोणती गोष्ट पुनःपुन्हा आली, एवढे पाहिले म्हणजे झाले. कोण बोलले, कोणाला, कोणत्या दिवशी, हे त्यांत नाही. ते नसणे स्वाभाविकच होते, कारण ही लिंगे ज्या वेदवाक्यांसाठी बनविली त्यांना मीमांसक अपौरुषेय मानतात. त्यांना कर्ता नाही व काळ नाही. १५ जून १८९७ च्या अंकाला ही सहा लिंगे लावली तर एक उत्सवाचा वृत्तान्त, एक ऐतिहासिक चर्चा आणि एक शोकपद्य हाती लागते. मम्मटाची यादी लावली तर जून महिना, पुणे शहर, प्लेगच्या झडत्या आणि त्या अंकाचे वाचक हाती लागतात. पहिल्या खटल्यात बचावपक्ष बव्हंशी पहिल्या वाचनाची मागणी करीत होता आणि सरकारपक्ष दुसऱ्या. १९०८ मध्ये मात्र टिळकांनी प्रस्तावाचा आधार स्वतःच घेतला. प्रतिपक्षीय पत्रांचे उतारे न्यायालयात वाचून दाखविणे याचा दुसरा काही अर्थ होत नाही. ते उतारे खटल्याच्या छापील इंग्रजी वृत्तान्तात आज उपलब्ध आहेत. त्या दोन महिन्यांतील ‘केसरी’च्या मूळ मराठी अंकांशी ते ताडून पाहिल्यास कोणत्या वाक्याला कोणते वाक्य उत्तर आहे, हे बऱ्याच अंशी निश्चित करता येईल.